उसा रिव्हरचं पाणी, नागपूरची तुरटी

प्रश्न : पुतण्या बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन टांझानियात, अरुशाजवळच्या उसा रिव्हर या गावी नोकरीला चाललाय. नळ एक दिवसाआड येतो, तोही भरवशाचा नाही, असं कळलं. टाकी केवढी घ्यावी? पाणी उकळून, क्लोरीनचे थेंब टाकून भागेल ना?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : टाकीचं सोपं आहे. माणशी 80 लिटर धरले तर 1,000 लिटर तिघांना चार दिवस पुरतात. मोटर मात्र थेट नळाला लावू नका म्हणावं. टिल्लू पंप फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी ओढतो, हे नागपुरात कुणाला सांगायला नको.

खरी अडचण फ्लोराइडची. तिथल्या मेरू पर्वताच्या ज्वालामुखी खडकातून झिरपलेल्या पाण्यात ते उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम; टांझानियाने 1974 साली 8 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं, कारण बऱ्याच गावांना दुसरं पाणीच जवळ नव्हतं. क्लोरीन जंतू मारतं, फ्लोराइडला हात लावत नाही. उकळल्यावर पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. मुलीचे पक्के दात आत्ता हिरडीत घडताहेत, डाग तेव्हाच पडतात. म्हणून आधी तिच्या पिण्याचं बघा.

गंमत म्हणजे यावरचा एक इलाज आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाच. 1970च्या दशकातली त्यांची नालगोंडा पद्धत अरुशाजवळच्याच न्गुर्डोटोला दोन बादल्यांवर आणून वापरली गेली. 20 लिटर पाण्यात 12.8 ग्रॅम तुरटी आणि 6.4 ग्रॅम चुना. एक मिनिट जोरात, मग पाच मिनिटं हळू ढवळायचं, तासभर तसंच ठेवायचं. तोटी तळापासून 5 सेंटिमीटर वर हवी. पाणी कापडातून दुसऱ्या बादलीत घ्यायचं. चुना कमी पडला की पाणी आंबटतं आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. जोरात ढवळतच राहिलं तर गुठळ्या फुटतात, मग गाळ बसत नाही. हे माप सगळीकडे चालत नाही. पाण्याचं फ्लोराइड आणि क्षारता आधी तपासून ते ठरवावं लागतं. शिवाय फ्लोराइड खूप असेल तर एवढं करूनही 1.5च्या खाली येईलच असं नाही.

म्हणून आमचा कल पावसाच्या पाण्याकडे. पिणं-स्वयंपाक माणशी रोज 5 लिटर, म्हणजे तिघांचे 15. जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दीडशे दिवसांना 2,250 लिटर लागतील. 3,000 लिटरची वेगळी, झाकणाची टाकी घ्यावी. मार्च ते मेच्या पावसात 25 चौरस मीटर पत्रा ती सहज भरतो. पहिल्या सरीचे 25 लिटर वाहून जाऊ द्यायचे, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यातच जाते. क्लोरीनचे थेंब इथे कामाचे.

आरओ फ्लोराइड काढतो, पण त्याला वीज आणि दाब लागतो, त्यात बरंच पाणी वाया जातं. नळ असा असताना तो दुसऱ्या नंबरवर. नुसता यूव्ही किंवा कँडलचा फिल्टर न्यायचा असेल, तर बॅगेतली जागा वाचवा; फ्लोराइड त्यानेही जात नाही.