दीपगृह 'पाहिलं', 'केलं' की 'बघून आलो'?

प्रश्न असा आला आहे : "कोरलईला गेलो होतो. दीपगृहाची वेळ टळून गेली होती, आत सोडलं नाही. फाटकाबाहेरून मनोरा पाहिला, फोटो काढले. प्रवासाच्या वहीत 'कोरलईच्या दीपगृहाला भेट दिली' असं लिहिलं, तर मित्र म्हणतो ही थाप आहे. बरोबर कोण?"

मित्र बरोबर आहे, पण थाप हा शब्द जरा जड झाला. दोष 'भेट दिली' या क्रियापदाचा आहे. मराठीत शाळेला शिक्षणाधिकारी भेट देतात, धरणाला मंत्री भेट देतात, आणि 'अचानक भेट दिली' म्हटलं की तिथल्या कारकुनाला घाम फुटतो. म्हणजे या प्रयोगात पाहुण्याचा थोडा मान आहे, आणि समोर दार उघडणारं कोणीतरी गृहीत आहे. 'आजीला साडी भेट दिली'मधला नजराण्याचा अर्थही मागे घुटमळतोच. सहलीला गेलेल्या माणसाने दीपगृहाला 'भेट देणं' ही मला तरी माहितीपत्रकातली भाषा वाटते. बंद फाटकाशी तर ती मुळीच जुळत नाही.

शिवाय शब्द 'दीपगृह' आहे. समाजाला वाट दाखवणाऱ्या माणसाला आपण 'दीपस्तंभ' म्हणतो, 'दीपगृह' कधीच म्हणत नाही. स्तंभ बाहेरूनच पाहायचा असतो, जेजुरीची दीपमाळ पाहावी तसा. गृहाला दार, जिना, खोली असते. त्यामुळे दीपगृहाला जाऊन आलो असं सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "वर गेला होतास का?"

खरी गंमत या 'वर'मध्ये आहे. 'दीपगृहावर गेलो' याचे दोन अर्थ होतात. गडावर, शेतावर, बंदरावर या चालीने 'दीपगृहावर' म्हणजे त्या आवारात. 'त्यांची बदली देवगडच्या दीपगृहावर झाली' यात कोणी जिना चढलेलं नाही. दुसरा अर्थ अक्षरशः वर, मनोऱ्याच्या टोकाला. तेव्हा 'दीपगृहावर गेलो' लिहिणारा खोटं न बोलताही वाचणाऱ्याची फसगत करू शकतो. टोकाला गेला असाल तर सरळ 'मनोरा चढलो' लिहा.

त्यातही टप्पे आहेत. आधी गोल जिना. तो संपतो तिथून बहुतेक ठिकाणी अरुंद, उभी लोखंडी शिडी आणि झडपेसारखं दार. त्याच्या वर काचेचा दीपकक्ष, आणि बाहेरून फिरणारा कठड्याचा सज्जा. पाहुण्यांना अनेकदा सज्जापर्यंतच सोडतात. भिंगापाशी उभं राहायला मिळेलच असं नाही. याला कारण आहे. फ्रेनेल जातीच्या भिंगात मधल्या फुगीर काचेभोवती लोलकांची वलयं बसवलेली असतात. दिव्याचे विखुरलेले किरण आडव्या झोतात आणायचे, हे त्यांचं काम. पण दिवसा ऊन बाहेरून आलं की तेच भिंग उलटं चालतं आणि ऊन आतल्या दिव्यावर एकवटतं. म्हणून दिवसा दीपकक्षाच्या काचांना पडदे लावतात. बोटांचे तेलकट डागही लोलकांना नको असतात. तेव्हा 'सज्जात गेलो' आणि 'भिंग पाहिलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. दोन्ही खरी असतील तर दोन्ही लिहावीत.

'केलं' या प्रयोगाबद्दलही विचारणा होते. 'अष्टविनायक केले', 'चारधाम केलं', 'या पावसाळ्यात चार गड केले' अशा वाक्यांत 'करणे' हे माळेतल्या मण्यांसाठी येतं. आधी यादी असते, आणि त्यातली एक खूण पुरी होते. सगळी किनारपट्टी धरून दीपगृहं पाहत निघालेल्या माणसाने 'कोरलई केलं' म्हटलं तर ते शोभतं. एकट्यादुकट्या सहलीला ते उसनं वाटतं. इथे लिंगाकडे मात्र नीट पाहा. 'कोरलई केला' म्हटलं की किल्ला, 'कोरलई केलं' म्हटलं की दीपगृह किंवा गाव. कोरलईत किल्ल्याकडे चढणारी पायवाट दीपगृहाजवळूनच जाते, त्यामुळे 'केला' म्हणणारे पुष्कळ जण दीपगृहाला नुसता वळसा घालून गेलेले असतात. खांदेरीचंही तसंच. तिथे दीपगृह किल्ल्याच्या बेटावरच आहे, 1867 पासून. थळहून होडीने जाऊन, तटबंदी पाहून, वेताळाला नमस्कार करून परतलेल्या माणसाचा 'खांदेरी केला' खरा. दीपगृहाचा हिशोब त्याला वेगळा द्यावा लागेल.

सगळ्यात खालची पायरी 'दिसलं'. तीही फुकट मिळत नाही. समुद्रावरून दिवा किती लांबून दिसेल हे पृथ्वीच्या गोलाईवर ठरतं. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची, दोन्ही मीटरमध्ये घ्या. त्यांची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि 2.08 ने गुणा; उत्तर नॉटिकल मैलांत येतं. दिवा 25 मीटरवर, होडीतला डोळा 4 मीटरवर असेल तर 5 अधिक 2, म्हणजे 7. गुणाकार साडेचौदा नॉटिकल मैल, सुमारे 27 किलोमीटर. हवा स्वच्छ आणि दिवा पुरेसा प्रखर हवा, हे आलंच.

आणि दिसला तो कुठला दिवा? प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची चाल ठरलेली असते : किती झोत, किती सेकंदांनी. मोजताना चूक नेहमी एकच होते. लोक एक झोत विझल्यापासून पुढचा लागेपर्यंतचा अंधार मोजतात. मोजायचं ते एका गटाच्या पहिल्या झोतापासून पुढच्या गटाच्या पहिल्या झोतापर्यंत. एकदाच मोजलं तर अर्धा-एक सेकंद सहज चुकतो, म्हणून दहा आवर्तनं मोजून दहाने भागा. एवढं केल्यावर 'अमक्या दीपगृहाचा दिवा पाहिला' म्हणायला हरकत नाही. त्याआधी फक्त 'एक दिवा दिसला'.

उलटी अडचण आग्वादला येते. किल्ल्यातल्या 1864 च्या गोल मनोऱ्याचा दिवा 1976 मध्ये बंद झाला आणि काम जवळच्या नव्या दीपगृहाकडे गेलं. फोटोत सगळ्यांकडे असतो तो जुना मनोरा. तो पाहणाऱ्याने 'जुनं दीपगृह पाहिलं' लिहावं. 'जुनं' गाळलं, तर ज्याचा दिवा आज लागतो ते पाहिल्यासारखं होतं.

आता मूळ वाक्य. मराठीत यासाठी 'भेट'पेक्षा सोयीचा प्रयोग हाताशी आहे : 'बघून आलो'. 'बघितलं' हे लांबच्या होडीतूनही चालतं. 'बघून आलो'मध्ये तिथवर जाणं आणि परतणं दोन्ही येतं, आणि आत शिरल्याचा दावा येत नाही. तेव्हा वहीत 'कोरलईचं दीपगृह बाहेरून बघून आलो' असं लिहा. पुढच्या खेपेला वेळेत पोचून तिकीट काढलंत, तर त्याखाली 'वर जाऊन आलो' ही ओळ वाढवा.