क्रूझवर केबिन स्टुअर्डला पहिल्याच दिवशी वेगळी टीप दिली तर सर्व्हिस चांगली मिळते का? किती द्यावी?

तुम्ही विचारलंय की आईबाबांना घेऊन सिंगापूरहून पाच रात्रींच्या क्रूझला चाललोय, चौघं आहोत, दोन केबिन आहेत, ग्रॅच्युइटी, म्हणजे कंपनी माणशी रोजची लावते ती टीप, बुकिंगलाच भरून झालीये, पण सोसायटीतल्या एकांनी सांगितलं की पहिल्या दिवशी केबिनवाल्याच्या हातावर वीस-पंचवीस डॉलर टेकवले की पुढचे दिवस बघायला नको, तर हे खरं आहे का. मी पुण्यातच हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि नंतर काही वर्षं एका मोठ्या परदेशी कंपनीच्या जहाजांवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे केबिनची साफसफाई बघणारा, होतो, आता जमिनीवरच आहे, वारज्यात. म्हणजे ते डॉलर ज्याच्या हातावर पडतात त्याच्या बाजूने सांगतो.

आधी सरळ उत्तर. पहिल्या दिवशी पैसे दिल्याने तुमची केबिन इतरांपेक्षा जास्त स्वच्छ होत नाही. वेगळे पैसे द्यायला माझा अजिबात विरोध नाही, उलट जरूर द्या, पण काम बघून द्या, आणि मधे कधीतरी किंवा शेवटच्या रात्री द्या. कारण स्टुअर्डला टंचाई असते ती वेळेची. वीस डॉलर दिलेत म्हणून त्याच्या दिवसात वीस मिनिटं वाढत नाहीत, आणि तुम्हाला चांगली सर्व्हिस हवी असेल तर त्याचा वेळ वाचेल असं वागणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, तो फुकट पण आहे.

पहिला दिवस म्हणजे आमच्यासाठी काय असतो ते सांगतो, म्हणजे लक्षात येईल. त्याला आम्ही टर्नअराउंड डे म्हणायचो. सकाळी जुने पॅसेंजर उतरतात आणि दुपारी एक-दीडपर्यंत त्याच केबिन नव्या लोकांसाठी तयार लागतात. एका स्टुअर्डच्या सेक्शनला पंधरा-वीस केबिन, कधी त्याहून जास्त, आणि त्या सगळ्या एकदम रिकाम्या होतात. प्रत्येक बेडवरचं सगळं काढायचं, टॉवेल गोळा करायचे, घाण कपड्यांच्या गोण्या बांधून खाली पाठवायच्या, लिनन लॉकरमधून नवीन चादरी घेण्यासाठी बाकीच्या स्टुअर्डांबरोबर रांग लावायची, बाथरूम पूर्ण धुवायचं, आणि मग बेड. बेड म्हणजे दोन सिंगल असतात, ते जोडून डबल करायचे किंवा डबलचे सुटे करायचे, कोणाला काय हवंय ते लिस्टवर असतं. गाद्या जड, केबिन अरुंद, त्यामुळे गुडघ्यावर बसून एक बाजू ढकलायची, मग बेडवरून पलीकडे जाऊन दुसरी ओढायची, मधली फट बुजवायची, वर चादर घट्ट. हे अशा पंधरा-वीस केबिनला करायचं, आणि सुपरवायझर मागून येऊन आरशावर बोटाचा ठसा दिसला तरी परत बोलावतो. त्यानंतर बॅगा यायला लागतात. आणि हे सगळं झाल्यावर संध्याकाळी तो माणूस शर्ट नीट करून, हसून तुमच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो मी तुमचा स्टुअर्ड, काही लागलं तर सांगा. दुपारचं जेवण बऱ्याचदा झालेलंच नसतं. त्या वेळी हातात नोट ठेवली तर तो मनापासून थँक्यू म्हणेल, तुमचं नाव लक्षात ठेवेल, बर्फाची बादली कदाचित थोडी लवकर येईल. एवढा फरक पडतो, तो मी नाकारत नाही. पण केबिन त्याला सगळ्यांच्या सारख्याच कराव्या लागतात, कारण सुपरवायझर सगळ्याच तपासतो.

आता तुम्ही जी भरलीये त्या ग्रॅच्युइटीचं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा साध्या केबिनचा दर सध्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० अमेरिकन डॉलरच्या मधे असतो, मोठ्या स्वीट केबिनला जास्त. १८ धरले तरी तुमच्या चौघांचे पाच रात्रींचे ३६० डॉलर, म्हणजे तीस हजारांच्या वर. आपल्याकडे लोकांना हे बघून धक्का बसतो, आणि मग कोणीतरी सल्ला देतं की जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला जाऊन ती काढून टाका आणि थेट स्टुअर्डलाच पन्नास डॉलर द्या, त्याचं पण भलं तुमचं पण. बऱ्याच कंपन्यांत काढता येते हे खरंय, पण कृपा करून असं करू नका. तो पैसा एकट्या स्टुअर्डचा नसतो, वेटर, असिस्टंट वेटर, आणि पडद्यामागची हाउसकीपिंगची माणसं, ज्यांचं तोंड तुम्हाला पूर्ण ट्रिपमध्ये दिसत नाही, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आणि हा बोनस नाही हो, आमच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो. पूर्वी पद्धत वेगळी होती, शेवटच्या रात्री पाकिटं मिळायची, एक स्टुअर्डचं, एक वेटरचं, एक हेड वेटरचं, आणि काही लोक त्या रात्री जेवायला डायनिंग रूममध्ये यायचेच नाहीत. नंतर कुठेही जेवा कधीही जेवा अशी पद्धत आली, रोज वेगळा वेटर, मग कोणाच्या हातात पाकीट देणार, म्हणून ही रोजची आकारणी आली. काही कंपन्यांत तर असाही नियम असतो की ज्या केबिनने ग्रॅच्युइटी काढली त्या केबिनकडून मिळालेली रोख स्टुअर्डला सगळ्यांच्या सामाईक पूलमध्ये जमा करावी लागते. म्हणजे तुम्ही त्याच्या हातात पन्नास दिले असं समजून घरी येता आणि त्याला ते मिळतच नाहीत.

ज्यांना हे झंझटच नको त्यांच्यासाठी वेगळ्या कंपन्या आहेत. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा महागड्या लाइन तिकिटातच सगळं धरतात, आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून टीप तिकिटाच्या किमतीतच घातली. माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळ्यांनीच असं करावं, पगार कंपनीने द्यावा आणि पॅसेंजरने तिकीट बघून ठरवावं. पण जोवर तसं नाही तोवर त्याचा भार त्या पोरांवर टाकू नये. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, त्यात रविवार नावाची गोष्ट नाही. जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कायदा, म्हणजे एमएलसी २००६ (मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन), सांगतो की २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि आठवड्यात ७७ तास, यावरून उरलेल्या तासांचा हिशोब तुम्हीच करा. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, सगळं व्हिडिओ कॉलवर, ते पण वायफायचे पैसे भरून.

बरं, मग वेळ वाचवायचा म्हणजे काय करायचं. पहिल्या संध्याकाळी तो भेटेल तेव्हा दोन मिनिटांत सगळं एकदम सांगून टाका, रोज एकेक गोष्ट आठवून फोन करू नका. आईबाबांना सुटे बेड हवे असतील तर ते खरं तर बुकिंगलाच सांगा, कारण तेव्हा ते टर्नअराउंडमध्येच होऊन जातं, नंतर सामान मांडल्यावर ते काम दुप्पट होतं. बाबांना इन्सुलिन असेल तर सुया टाकायला वेगळा डबा मागा, तो देतात, आणि मिनीबार थोडा रिकामा करून मागा म्हणजे औषध ठेवता येईल. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत कधीच टाकू नका, पिशवी हाताने बांधतात आणि टोचते. आई-बाबा सकाळी किती वाजता बाहेर पडतात ते सांगा. कोविडनंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी दिवसातून एकदाच केबिन करायची पद्धत आणलीये, पूर्वीसारखं सकाळी एकदा आणि रात्री एकदा नाही, त्यामुळे सकाळी पाहिजे का संध्याकाळी हे त्याला आधी कळलं तर तो त्याचा राउंड त्याप्रमाणे लावतो. जमिनीवर बॅगा उघड्या पसरून ठेवू नका, बेडखाली जागा असते, तिथे रिकाम्या बॅगा मस्त बसतात. जमीन मोकळी असली की व्हॅक्यूम लगेच होतो आणि तोच वाचलेला वेळ तुमच्या बाथरूमला मिळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या लोकांच्या दोन-तीन खास गोष्टी पण सांगतो. बाथरूममध्ये जेट स्प्रे बहुतेक जहाजांवर नसतो, प्लॅस्टिकचा मग घरून न्या, स्टुअर्डकडे मागून त्याला उगाच शोधाशोध करायला लावू नका. इस्त्री केबिनमध्ये मिळणार नाही आणि घरून नेलेली पण काढून घेतात, आगीच्या भीतीने, त्यात स्टुअर्डच्या हातात काही नसतं, त्यामुळे त्याला गळ घालू नका. किटली काही जहाजांवर असते काहींवर नसते, नसेल तर गरम पाण्यासाठी थर्मास न्या आणि बुफेवर भरून आणा, आईला सकाळी सहाला चहा लागत असेल तर हे फार उपयोगी पडतं. जेवणाचं, म्हणजे जैन, बिनकांद्याचं वगैरे, ते हेड वेटरला सांगायचं असतं, आणि पहिल्याच रात्री सांगायचं.

आणि टीप देऊन काय होत नाही तेही ऐका. केबिन अपग्रेड होत नाही, तो अधिकार स्टुअर्डला नसतोच. मिनीबारमधली वस्तू फुकट होत नाही. नियमाबाहेरचं काही करून घ्यायला तर पैसे पुढे करूच नका, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात आणि त्याची नोकरी जाते, तुमचं काही जात नाही.

किती द्यावे. ग्रॅच्युइटी भरलेली असताना वेगळं काही द्यायलाच हवं हे मनातून काढून टाका, ते बंधनकारक नाही, न दिल्याने तुमच्याकडे कोणी वाकडं बघणार नाही. द्यावंसं वाटलं तर पाच रात्रींना एका केबिनचे १५-२० डॉलर ही अगदी चांगली टीप आहे, आईबाबांच्या केबिनमध्ये जास्त काम पडलं असेल तर तिथे २५-३० द्या. हातात द्या, नाव घेऊन द्या. उशीवर नोट ठेवून गेलात तर इमानदार माणूस ती उचलायला घाबरतो, विसरलेली असेल तर चोरीचा आळ येईल म्हणून, तेव्हा ठेवायचीच तर पाकिटावर त्याचं नाव आणि थँक्यू लिहा. अमेरिकन डॉलर सगळ्यात सोयीचे, सिंगापूर डॉलर पण चालतील, पण नाणी देऊ नका, ती पुढच्या देशात कुठे बदलून मिळत नाहीत. क्रूमध्ये आपली पोरं भरपूर असतात, गोव्याची, केरळची, मुंबई-कोकणातली, कोणी मराठी निघालं तर चितळ्यांच्या बाकरवडीचं बंद पाकीट द्या, त्याला काय वाटेल ते शब्दात सांगता येणार नाही. पण ते पैशाच्या ऐवजी नको, पैशाबरोबर.

बारवर एक सांभाळा. ड्रिंकच्या बिलात साधारण १८-२० टक्के सर्व्हिसचे आधीच लावलेले असतात आणि तरी खाली अजून टीप लिहायला एक मोकळी ओळ असते, लोक नकळत दोनदा देतात. ती ओळ रिकामी सोडली तरी काही बिघडत नाही. रूम सर्व्हिस घेऊन येणाऱ्याला दोन-तीन डॉलर दिलेत तर मात्र खूप बरं वाटतं.

काम आवडलं नाही तर आधी त्यालाच सांगा, दहातल्या नऊ वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर हाउसकीपिंग सुपरवायझरला बोलवा. चादर बदलली नाही म्हणून रागाने पूर्ण ग्रॅच्युइटी काढायची आणि वेटरचं पण नुकसान करायचं, हे बरोबर नाही.

आणि पैशाइतकीच, माझ्या मते कधीकधी जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे नाव. ट्रिप संपल्यावर ईमेलवर सर्व्हे येतो, तो डिलीट करू नका. त्यात स्टुअर्डचं नाव, त्याचा देश, तुमचा केबिन नंबर आणि नेमकं काय केलं ते लिहा, म्हणजे "सर्व्हिस छान" असं नको, "वडिलांच्या सुयांसाठी न सांगता दुसरा डबा आणून ठेवला" असं लिहा. हे कॉमेंट वर जातात, मीटिंगमध्ये वाचले जातात, पुढचं कॉन्ट्रॅक्ट, चांगला सेक्शन, सुपरवायझरचं प्रमोशन यात त्यांचा विचार होतो. नाव लक्षात राहत नसेल तर पहिल्या दिवशी त्याच्या बिल्ल्याचा किंवा केबिनमधल्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. आणि जहाजावर असतानाच गेस्ट सर्व्हिसेसला पण दोन ओळी लिहून द्या.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियासारख्या जहाजावर सगळा व्यवहार रुपयांतच असतो, तिथे सुट्ट्याचा प्रश्न येत नाही. तुमच्या ट्रिपसाठी मात्र निघायच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या फॉरेक्सवाल्याला फोन करून पाच आणि दहाच्या नोटा बाजूला काढून ठेवायला सांगा, ते सहसा शंभरच्याच देतात आणि शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेससमोर सुट्ट्यासाठी मोठी रांग असते.