इंग्लंडचा माजी क्रिकेटपटू रायन साइडबॉटम याचं आडनाव असं विचित्र का? त्याचा मूळ अर्थ काय?

हे आडनाव जागेवरून आलंय, शरीराच्या भागावरून नाही. इंग्रजी आडनावांच्या कोशांनुसार जुन्या इंग्रजीतल्या ‘सीड’ म्हणजे रुंद आणि ‘बोटम’ म्हणजे दरीचा सखल तळ, या दोन शब्दांचं ते जोडनाव. अशा जागेवर राहणारे ते साइडबॉटम. आपल्याकडे गावाला ‘कर’ लागतो तसंच. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ पट्ट्यात अशी नावं बरीच सापडतात. मँचेस्टरच्या उत्तरेला रॅम्सबॉटम नावाचं चांगलं नांदतं गावच आहे. ‘बॉटम’ला ‘पार्श्वभाग’ हा अर्थ चिकटला १८व्या शतकाच्या अखेरीस, आडनावं त्याआधीची. बिचाऱ्यांचा काय दोष! मात्र ‘बॉटम’ दिसला की सगळे एकाच घराण्याचे असं समजू नका, दऱ्या वेगवेगळ्या आहेत.