ओक लावू की वड? खळ्यावरच्या सावलीविषयी विचारलेले प्रश्न

प्रश्न (यावल तालुका): अमेरिकेतला बारमाही हिरवा ओक मोबाइलवर पाहिला. बी ऑनलाइन मिळते. गुरांच्या सावलीसाठी लावावा का?

झाड देखणे आहे, यात वाद नाही. दक्षिण कॅरोलायनातील ‘एंजल ओक’ या एकाच झाडाची सावली १७,२०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ १६ गुंठ्यांवर पडते. टेक्सासच्या उन्हातही हा ओक तग धरतो, त्यामुळे आपल्याकडे जगणारच नाही असे म्हणता येत नाही. अडचण आधी बियाचीच आहे. ओकचे बी सुकले की मरते, आणि पाकिटातून येणारे बी बहुधा सुकलेलेच असते. बी उगवले तरी भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून मुळे सडू शकतात, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की बारीक मुळे तुटू शकतात. आपल्या देशातला एक सदाहरित ओक म्हणजे बांज. तो कुमाऊँ-गढवालच्या थंड डोंगरांत वाढतो. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर.

हौस असेल तर मुरमाड, निचऱ्याच्या जागी एखादे कुंडीतले रोप लावून पाहा. गुरांच्या सावलीसाठी मात्र वडच लावा. आंध्र प्रदेशात कदिरीजवळचा तिम्मम्मा वड सुमारे पावणेपाच एकरांवर पसरला आहे!

प्रश्न (शिरपूर तालुका): जूनमध्ये वडाची फांदी रोवली. छान पालवी आली, पण दिवाळीनंतर सगळे वाळले. असे का?

पालवी आली म्हणजे मुळे धरली असे नव्हे. जाड फांदीत साठा असतो, त्यावर ती दोन-तीन महिने हिरवी राहते. बहुतेक जण इथेच फसतात आणि पाणी बंद करतात. दुसरे कारण म्हणजे फांदी ठोकून रोवणे. त्यात बुडाची साल सोलते, आणि सोललेल्या जागी मुळे न फुटता कूज लागते.

या वेळी मनगटापेक्षा जाड (३ ते ४ इंच), ७-८ फूट लांब, निरोगी फांदी घ्या. कोवळी नको. खालचा काप तिरका द्या आणि चीक सुकेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवा. वरच्या कापाला बोर्डो मलम लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्या भांड्यात कालवा. खड्डा ३ × ३ × ३ फूट. काळ्या मातीत तिसरा हिस्सा मुरूम, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी १ किलो निंबोळी पेंड मिसळा. पहारीने आधी भोक पाडून फांदी २ फूट खोल सोडा आणि माती पायाने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर तिथे मुळे धरत नाहीत.

शेंड्याकडचे चार-पाच फुटवे ठेवा, खालचे खुडा. पाऊस उघडला की दर आठ दिवसांनी १५-२० लिटर पाणी द्या, आणि पुढचे दोन उन्हाळे हे चुकवू नका. आळे दरवर्षी फूटभर बाहेर सरकवा, म्हणजे मुळे पाण्यामागे पसरतात. आळ्यात केळीचा वाळलेला पाला अंथरा, मात्र खोडाला चिकटू देऊ नका. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच, कारण शेळी पालवी ठेवत नाही.

प्रश्न (धरणगाव तालुका): बांधावर लावला तर चालेल का?

नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तर बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या गव्हा-हरभऱ्यावर जाते आणि दक्षिण बांधावरच्या झाडाची तुमच्याच पिकावर. भांडण ठरलेले! विहीर, घर आणि ठिबकच्या मेन लाइनपासून किमान ५० फूट सोडा, डोक्यावर वीजवाहिनी नसावी. गोठ्याच्या पश्चिमेला लावल्यास दुपारनंतरचे ऊन अडते. मोठ्या झाडाच्या पारंब्यांची टोके गुरे खातात. ज्या फांदीला आधार हवा, तिची पारंबी माती-शेणखत भरलेल्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत उतरवा.