वजनरहित अवस्थेत मेंदूचं संरक्षण आणि प्रतिकारशक्ती यांवर काय परिणाम होतो?

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही थोडी डळमळतात.

पायांकडे ओढणारं बळ जाणवेनासं झालं, की रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकतात. म्हणून अंतराळवीरांचे चेहरे सुजलेले दिसतात. (गुरुत्वाकर्षण तिथे संपत नाही बरं का, अंतराळ स्थानक सतत ‘पडत’ असतं इतकंच.) मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, हीच ती रक्तातले नको ते घटक मेंदूपासून दूर ठेवणारी, रक्त-मेंदू अडसर नावाची गाळणी. उंदरांवरच्या प्रयोगांत हे सांधे सैल झाल्याची चिन्हं दिसली. माणसांबाबत पुरावा अप्रत्यक्ष आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंतराळात सरासरी १६९ दिवस राहून परतलेल्या ५ रशियन अंतराळवीरांच्या रक्तात मेंदूपेशींशी संबंधित काही प्रथिनं वाढलेली आढळली. पण अवघी ५ माणसं! यावरून ‘मेंदूला इजा झाली’ असं ठामपणे म्हणणं मला घाईचं वाटतं.

प्रतिकारशक्तीचा पुरावा जास्त भक्कम आहे. टी-पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) सुस्तावतात आणि शरीरात दबून बसलेले नागीण, कांजिण्यांच्या कुळातले विषाणू पुन्हा जागे होऊन लाळेत सापडतात. बहुतेकदा लक्षणं मात्र नसतात. यात तणाव, अपुरी झोप आणि किरणोत्सर्ग यांचाही हात असतो, सगळा दोष वजनरहिततेचा नाही.