झाडाचे वय मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न : झाड न तोडता त्याचे वय कसे ओळखावे, हे चौथीच्या मुलांना कसे शिकवावे? – एक शिक्षिका

उत्तर : सुरुवात वखारीतून आणलेल्या सागाच्या चकतीने करावी. साग कोरड्या ऋतूत पाने गाळतो, वाढ थांबते आणि नव्या हंगामात प्रथम मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होते. त्यामुळे पॉलिश पेपरने घासून ओल्या फडक्याने पुसलेल्या चकतीवर, सुईने टोचल्यासारख्या छिद्रांची रांग भिंगातून दिसते, आणि अशा दोन रांगांमधले अंतर हे साधारणपणे एक वर्ष असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या याच वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. आंब्याची वलये इतकी स्पष्ट नसतात. नारळाला तर ती नसतातच, त्याच्या खोडावर दिसतात ते गळलेल्या झावळ्यांचे वण.

उभ्या झाडाच्या घेरावरून थेट वय सांगण्याची रीत मी सुचवणार नाही, कारण विहिरीकाठचा आणि मुरमाड जमिनीतला साग एकाच वयाचे असूनही घेराने फार वेगळे असू शकतात. त्यापेक्षा लागवडीचे वर्ष ठाऊक असलेले झाड निवडून, जमिनीपासून १.३७ मीटरवर खूण करावी आणि दर जूनमध्ये तिथलाच घेर मुलांकडून मोजून वहीत नोंदवून घ्यावा.