चांदीचे दागिने एकट्याने घडवण्यासाठी घरातली एक खोली पुरते का?

शिक्षण झाले आहे, आता दहा बाय दहाच्या खोलीत स्वतंत्रपणे काम सुरू करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात जवळपास तेवढ्याच खोलीत चांदीकाम करते. खोली पुरते, मात्र सगळे काम एकाच मेजावर उरकण्याचा विचार सोडून द्यावा.

याचे मुख्य कारण उजेड. करवतीने नक्षी कापण्यासाठी आणि कानशीने घासण्यासाठी मेज खिडकीला लागून हवे, याउलट ९२.५ टक्के चांदीचा पत्रा मऊ करण्यासाठी तापवताना तो मंद लाल होताच ज्योत बाजूला घ्यावी लागते आणि हा रंग लख्ख उजेडात दिसतच नाही, दिसेपर्यंत पत्र्याची कड वितळू लागलेली असते. म्हणून तापवण्याची आणि झाळण्याची, म्हणजे झाळ वितळवून सांधे जोडण्याची, वीट अंधाऱ्या कोपऱ्यात, पण हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याजवळ ठेवावी. झाळ कॅडमियमविरहितच घ्यावी, कारण कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

तापवल्यावर दागिन्यावर आलेला काळा थर काढण्यासाठी लागणारे आम्लाचे भांडे मेज आणि वीट या दोन्हींपासून दूर असावे आणि त्यात लोखंडी चिमटा बुडवू नये. लोखंड बुडाले की द्रावणात उतरलेले तांबे दागिन्यावर चढून चांदी गुलाबी दिसू लागते. तांब्याचा चिमटा वापरावा.

मेजाला अर्धगोल खाच आणि तिच्याखाली चामड्याची झोळी असली की कीस वाया जात नाही. जमिनीवर सतरंजी नको, कारण खोलीतला केरही जपून ठेवायचा असतो. झारेकरी तो धुऊन त्यातली चांदी काढतात.

हुपरीसारख्या चांदीच्या गावात एकेक प्रक्रिया वेगवेगळे कारागीर करतात, तर इथे घडवण्यापासून छायाचित्रे, हिशेब आणि कुरिअरपर्यंत सगळे तुमच्याच अंगावर येते. ओतकाम आणि सोन्याचा मुलामा मी बाहेरून करून घेते, आणि तुम्हीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. चांदीचा भाव रोज बदलत असल्याने सांगितलेली किंमत किती दिवस लागू राहील, हे ग्राहकाला लेखी कळवावे. पॉलिशची मोटर दुपारी एक ते चार बंद असते, हे पुण्यात वेगळे सांगायला नको.

घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. खोली भाड्याची असल्यास त्याआधी घरमालकाची परवानगी मिळवावी.